आल्बन बूद्रोचे अर्धे निरोप

आल्बन बूद्रो फोनवर बोलत नसे. घरं उबदार ठेवणाऱ्या तेलाच्या भट्ट्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे परवडण्यासारखं नव्हतं. पण केप ब्रेटनच्या त्या टोकाला, ईल मादाम बेटावर आणि पुलाच्या अलीकडच्या गावांत, सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कुणाची तक्रारही नव्हती. समोरासमोर तो बोले, पण बोलताना अडे. एखाद्या शब्दाच्या पहिल्याच अक्षराला जीभ टाळूला चिकटून बसे, मान जराशी डावीकडे वळे, डोळे मिटत, आणि मग फुगलेलं दार खांद्यानं ढकलून उघडावं तसा शब्द एकदम बाहेर पडे. 'ट' आणि 'त' हे त्याचे जन्माचे वैरी. लोक थांबत. जानेवारीत ज्याची भट्टी बंद पडलीय तो थांबेल नाही तर काय करेल! फोनवर मात्र पलीकडच्याला त्याची मिटलेली पापणी दिसत नसे. त्याला ऐकू येई ती नुसती शांतता. "हॅलो? हॅलो? लाइन गेली वाटतं," असं म्हणून पलीकडचा फोन ठेवून देई.

मोबाइलवर निरोप लिहायची सोय आली आणि आल्बनचं नशीब पालटलं. बोटं अडत नव्हती. तोंडानं चार शब्द बोलायचे तर घाम फुटणारा हा माणूस लिहायला लागला की असा खट्याळ होई की कंपनीच्या ऑफिसात कामं वाटून देणारी मर्ना मॅकईचर्न त्याचे निरोप सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवी. 'धुराड्यात बदक सापडलं. बदक ठीक आहे. मालकीणबाई अजून खुर्चीवर उभ्या आहेत.' असले निरोप. मर्नाही तशीच उलट लिही. दोघं वर्षानुवर्षं एकाच कंपनीत होती, रोज एकमेकांना टोमणे मारत होती, पण प्रत्यक्षात त्यांचं बोलणं 'काय कसं?' आणि 'ब-बरं' याच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं.

मग त्या शरद ऋतूत रोरीनं गाडी खड्ड्यात घातली. रोरी म्हणजे कंपनीतला दुसरा भट्टीवाला. स्टिअरिंग धरून निरोप लिहीत होता. त्याला खरचटलंसुद्धा नाही, पण विमा कंपनीनं मालकाला, हेक्टर गिलिसला, चांगलंच फैलावर घेतलं. हेक्टरनं एका सोमवारी सकाळी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर डोनटचा खोका बघूनच आल्बननं ओळखलं, काहीतरी कडू गिळायचं आहे.

"आजपासून गाडीत फोनला हात लावायचा नाही," हेक्टर म्हणाला. "फोनमध्ये ही टेसा आहे. नुसतं तिचं नाव घ्यायचं, ती जागी होते. 'मर्नाला निरोप पाठव' म्हणायचं आणि बोलायचं. ती लिहून घेते आणि पाठवते. आधी ती निरोप परत वाचून दाखवायची, पाठवू का म्हणून विचारायची, पण ती कटकट मी बंद करून टाकलीय."

"माझी बायकोपण अशी बंद करता येते का रे?" रोरी म्हणाला. सगळे हसले. आल्बन हसला नाही. तो नावाकडेच बघत बसला होता. जगात इतकी अक्षरं असताना या बाईला 'ट' नं सुरू व्हायची काय गरज होती!

आधी टेसाला प्रत्येकाचा आवाज ओळखायला शिकवायचं होतं. त्यासाठी तिचं नाव तीनदा घ्यायचं. रोरीनं घेतलं, तेलाचा टँकर चालवणाऱ्यानं घेतलं. मग फोन आल्बनच्या हातात आला. खोली गप्प झाली. चांगली माणसं होती ती, आदरानं गप्प झाली, आणि तेच त्याला नको असायचं.

"ट..." आल्बननं सुरुवात केली. मान वळली, डोळे मिटले.

"मला नीट ऐकू आलं नाही," फोन गोड आवाजात म्हणाला. "पुन्हा प्रयत्न करूया?"

"सावकाश रे, काही घाई नाही," हेक्टर म्हणाला.

"ट... ट..."

"मला नीट ऐकू आलं नाही. पुन्हा प्रयत्न करूया?"

आल्बननं फोन खिशात टाकला, गाडीचं काहीतरी बघायचंय अशी खूण केली आणि बाहेर जाऊन गाडीच्या मागच्या दाराशी उगाच उभा राहिला. कान तापले होते. पन्नाशी उलटलेला, नातू खेळवणारा माणूस, आणि शाळेत बाईंनी फळ्यापुढे उभं केल्यासारखा!

त्या संध्याकाळी तो घरी तळघरात गेला, स्वतःच्या भट्टीशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "टेसा." लख्ख. एकदाही न अडता. "टेसा. टेसा."

"छान! आता मी तुमचा आवाज ओळखते," टेसा म्हणाली.

"खाली कुठल्या बाईला हाका मारतोयस?" वरून त्याची बायको लिओना ओरडली.

एकटा असला की तो कधीच अडत नसे. कुत्र्याशी बोलताना नाही, भट्टीला शिव्या घालताना नाही. पलीकडे ऐकणारं माणूस आहे असं कळलं की गळ्यात कुणीतरी कडी घाली. टेसा माणूस नव्हती, पण तिच्या पलीकडे मर्ना होती आणि गळ्याला ते बरोबर कळत होतं.

पुढचे दिवस आल्बनच्या वैतागाचे गेले. स्टिअरिंगवर एक बटण होतं, ते दाबलं की नाव न घेताही टेसा जागी होई, एवढी मेहरबानी होती. पण जागी झाल्यावर ती थांबत नसे. तो अडला की तिला वाटे, संपलं. 'मर्ना, मला नोझल हवाय, आजच' यातलं मर्नाकडे पोचलं ते 'मर्ना, मला नो'. मर्नानं उलट लिहिलं, 'काय नो? मी अजून काही विचारलंच नाहीये.' टेसानं ते गाडीत मोठ्यानं, कसल्याही भावनेविना वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी त्यानं जोर लावून, एका दमात सांगितलं, "टाकी गळतेय," आणि टेसानं पाठवलं, 'काकी गळतेय'. मर्नाचं उत्तर आलं, 'कुणाची काकी? आणि कुठून?'

ऐकू न येणं एकवेळ त्यानं माफ केलं असतं. भट्टीच्या आवाजात बसून बसून त्यालाही कमीच ऐकू येई. त्याची खरी चीड वेगळी होती. जन्मभर त्याला दोन प्रकारची माणसं भेटली होती. थांबणारी, आणि त्याचं वाक्य त्याच्याऐवजी पुरं करून टाकणारी. दुसऱ्या जातीची माणसं मनानं वाईट नसत, पण त्याला त्यांच्या थोबाडीत मारावीशी वाटे. आता तसलीच एक त्याच्या गाडीत बसली होती, आणि तिला उतरवून देता येत नव्हतं.

मग तो गुरुवार आला. सकाळपासून बर्फ पडत होता. आल्बन एका शाळेच्या बॉयलरवर अडकला होता आणि पेटी-द-ग्रात गावातल्या एव्हलिना सॅमसनकडे त्याला दुपारी जायचं होतं. म्हातारी एकटी राहायची, भट्टी धडधडत होती पण अजून बंद पडलेली नव्हती. रस्ता बघून त्यानं ठरवलं, आज नको, रोरी तिकडेच आहे, त्याला पाठवावं. बॉयलरचा एक सुटा भाग आणायला पुलाकडे निघाला असताना त्यानं गाडीत बटण दाबलं आणि म्हणाला, "मर्ना, मी आज एव्हलिना मावशींकडे जाणार..." पुढचा शब्द 'नाही' होता. तो आला, पण जरा उशिरा आला.

"पाठवलं," टेसा म्हणाली.

"नाही! न-नाही! जाणार नाही!" आल्बन ओरडला. पण टेसा झोपली होती. त्यानं पुन्हा बटण दाबलं, तेवढ्यात गाडी पुलावर चढली आणि नेटवर्क तिथे नेहमीप्रमाणे गायब झालं. पलीकडे उतरेपर्यंत शाळेतून बॉयलरचा पुन्हा बोभाटा झाला होता आणि त्या धावपळीत, ही गोष्ट तो कुणापासून लपवत नसे, ते त्याच्या डोक्यातून गेलं.

एव्हलिना सॅमसनची भट्टी त्याच दुपारी बंद पडली. तिनं ऑफिसात फोन केला. मर्नानं सांगितलं, "आल्बन निघालाय, आलाच." मग म्हातारीनं शेजाऱ्यांनाही बोलावलं नाही. कोट घालून, स्वयंपाकघरातला ओव्हन पेटवून, त्याचं दार उघडून त्याच्यापुढे खुर्ची टाकून ती बसून राहिली. अंधार पडल्यावर शेजारीण सहज डोकावली आणि तिला आपल्या घरी घेऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्बन तिच्याकडे पोचला तेव्हा त्याला कुठे तोंड लपवावं कळेना.

"मावशी, मी... मी..."

"बस आधी," एव्हलिना म्हणाली. "तुझ्या आईलापण घाईनं काही सांगता यायचं नाही. मी काही मेले नाही. पण येणार नव्हतास तर येणार असं का सांगितलंस रे बाळा?"

आता हे तिला कुठल्या तोंडानं सांगायचं! त्यानं भट्टी उघडली, काम केलं, आणि तिथून थेट हेक्टरच्या टेबलापुढे जाऊन फोन आदळला.

"ही घे तुझी ट-टवळी."

"अरे, सगळ्यांना सुरुवातीला जड जातं," हेक्टर म्हणाला. "मलाही..."

"तुला न-नाही जात!"

"मग गाडी बाजूला घे, थांब आणि लिही. कोण नको म्हणतंय?"

"बाजू कुठाय? ब-बर्फ साचलाय दोन्हीकडे!"

हेक्टरनं फोन उचलून परत त्याच्यापुढे सरकवला. मर्ना आपल्या जागेवरून ऐकत होती. तिचा चेहरा उतरला होता. म्हातारीला 'आलाच' असं तिनंच सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी मर्नाची गाडी सुरू होईना, तेव्हा ती आल्बनच्या गाडीत घरी निघाली. वाटेत त्याला रोरीला उद्याचं एक काम कळवायचं होतं. तिच्यादेखत त्याला बोलायचं नव्हतं, पण काम निकडीचं होतं. त्यानं बटण दाबलं.

"रोरी, उद्या सकाळी त..."

"पाठवलं."

"अगं बाई, थांब की!" मर्ना एकदम फोनवर खेकसली. "माणूस बोलतोय अजून! तुला काय गाडी पकडायचीय?"

"तुमच्या जवळची रेल्वे स्थानकं शोधते आहे," टेसा म्हणाली.

आल्बनला हसू फुटलं. मर्नाला फुटलं नाही. ती खवळली होती. "रोज हे असं होतं? आणि मी तुला काकीवरून चिडवत बसले? मला लिहून का नाही कळवलंस, मूर्खा?"

"लिहायची ब-बंदी आहे ना."

तिनं फोन हातात घेतला आणि रस्ताभर त्याच्या सेटिंगमध्ये बोटं खुपसत राहिली. टेसा किती वेळ थांबते हे वाढवायची सोय होती. मर्नानं ती होती तिथवर ताणली, पण त्यानं फार फरक पडला नाही. मग तिला आणखी एक सोय सापडली. 'आवाज पाठव' म्हटलं की टेसा काही लिहीत नसे, नुसतं ध्वनिमुद्रण करत बसे, आणि 'झालं' म्हणेपर्यंत किंवा बटण दाबेपर्यंत मध्ये तोंड घालत नसे.

"हे कर," मर्ना म्हणाली. "मी ऐकेन."

"नाही."

"का?"

 आल्बननं स्वतःचा ध्वनिमुद्रित आवाज आयुष्यात कधी ऐकला नव्हता. लग्नाच्या चित्रफितीतही तो फक्त मान हलवतो. आणि आता रोज आपलं ते अडणं ऑफिसातल्या स्पीकरवर वाजणार, हेक्टर चहा पिता पिता ऐकणार, पुसून टाकेपर्यंत ते तिथे राहणार.

"मी कानात घालून ऐकेन. दुसऱ्या कुणाला ऐकू देणार नाही."

"नाही म्हटलं ना!"

"गाढवा, मग बस निम्मं निम्मं बोलत," असं म्हणून मर्ना आपल्या दारात उतरली आणि तिनं गाडीचं दार गरजेपेक्षा जोरात लावलं.

त्यानंतर तो जमेल तिथे थांबून लिहू लागला. काम उशिरा संपू लागलं. घरी लिओना म्हणे, "जेवण तीनदा गरम केलं, आता भट्टीतच टाकते." 

फेब्रुवारीत थंडी जरा सैलावली आणि छपरांवरचा बर्फ सुटायला लागला. एका सकाळी आल्बन एव्हलिना सॅमसनकडे नुसतंच बघायला म्हणून गेला. मनाला लागलं होतं ते अजून गेलं नव्हतं. म्हातारी घरात नव्हती. दाराला चिठ्ठी होती, पत्ते खेळायला गेलेय. तो मागे वळणार तोच त्याला तेलाचा वास आला. घराच्या बाजूला जाऊन बघतो तर छपरावरून बर्फाचा मोठा ढिगारा थेट तेलाच्या टाकीवर कोसळलेला. टाकीच्या बुडाशी असलेली, तेल बंद करायची चावी मधोमध मोडली होती आणि तेलाची धार लागली होती. उताराच्या खाली दहा पावलांवर म्हातारीची विहीर.

तो गाडीकडे धावला, हाताला लागली ती सगळी बुचं घेऊन आला. एकही बसेना, मोडलेल्या तोंडाला आटेच उरले नव्हते. शेवटी चिंधीचा बोळा करून त्यानं भोकात दाबला आणि त्यावर दोन्ही अंगठे रोवले. धार थांबली. हात जरा ढिला केला की पुन्हा सुरू. आता तिथून हलता येईना. ओल्या बर्फात गुडघे टेकून तो बसला. शेजारी कुणी दिसत नव्हतं. दोन हाका मारल्या, त्या वाऱ्यानं नेल्या. फोन कोटाच्या वरच्या खिशात, हनुवटीपासून वीतभर लांब.

"ट..."

काही नाही.

"ट... ट..."

बोटं बधिर व्हायला लागली. बाहीतून तेल कोपरापर्यंत उतरत होतं. त्याला मर्ना ऐकणार हे दिसत होतं, हेक्टर दिसत होता, ती गप्प झालेली खोली दिसत होती. कडी घट्ट बसली होती. मग त्याच्या डोक्यात काहीतरी तडकलं. विहीर, म्हातारी, मोडकी चावी, विमा कंपनी, सगळ्यांचा राग एकदम उसळून आला आणि तो खिशावर ओरडला,

"अगं ए टवळे टेसा, उठ की! मेलीस काय!"

"बोला, मी ऐकते आहे," टेसा म्हणाली.

आल्बनच्या तोंडून नाव अख्खं बाहेर पडलं होतं. मग तो म्हणाला, "मर्नाला आवाज प-पाठव."

बारीकसा टुणकन आवाज झाला, आणि मग नुसती शांतता. टेसा काही बोलली नाही. तो बोलायला लागला. अडला. पुन्हा बोलला. 'टाकी' या शब्दावर तर इतका वेळ अडला की मध्ये एक कावळा कुंपणावर येऊन बसला आणि उडून गेला. कुणी मध्ये पडलं नाही. मावशींची टाकी, चावी मोडलीय, मी हातानं धरून बसलोय, रोरीला नवी चावी, पंप आणि रिकामी पिंपं घेऊन पाठव, विहीर जवळ आहे, लवकर. सगळं, शेवटच्या शब्दापर्यंत. "झालं," तो म्हणाला.

"पाठवलं."

उत्तर यायला फार वेळ लागला असं त्याला वाटलं. मग टेसानं आपल्या त्या सपाट आवाजात वाचलं, "रोरी निघाला. अंगठा काढलास तर मीच येऊन मारेन. मर्ना."

रोरी आला तेव्हा आल्बनचे हात सरळ होत नव्हते. दोघांनी टाकी रिकामी केली, चावी बदलली, तेल मुरलेली माती खणून काढली. विहिरीपर्यंत काही गेलं नव्हतं. तेवढ्यात एव्हलिना परतली, अंगणाची दशा पाहून तिनं दोघांना आधी झापलं आणि मग आत नेऊन वाफाळतं सूप वाढलं. आल्बनला चमचा धरता येईना, तेव्हा तो वाडगा दोन्ही पंज्यांत धरून प्यायला.

खाताना रोरी म्हणाला, "मी तेव्हा ऑफिसातच होतो. मर्ना काय ऐकत होती रे? कानात ते इअरफोनचं बोंड घालून बसली होती. हेक्टर काहीतरी विचारायला आला तर त्याच्यापुढे असा हात केला तिनं, वाहतूक पोलिसासारखा. तुझं संपेपर्यंत बोलू दिलं नाही त्याला."

आल्बननं उरलेलं सूप एका घोटात संपवलं.

त्यानंतर तो फोनवर बोलायला लागला, असं काही झालं नाही. टेसाचं नाव त्याला आजही दहातून चार वेळा येतं, आणि लिहून घ्यायला सांगितलं तर ती आजही अर्ध्यात पळते. हेक्टरनं निरोप परत वाचून दाखवायची सोय पुन्हा सुरू केली. त्यावर आता रोरी कटकट करतो. आल्बन मात्र गाडीतून मर्नाला आवाज पाठवतो. कामाचं सांगून झालं की कधीकधी पुढेही बोलत राहतो. एकदा त्यानं एका गिऱ्हाइकाच्या पोपटाचा किस्सा सांगितला. शेवटच्या शब्दावर नेमका अडला. मर्नानं लिहिलं की त्या थांबण्यामुळेच तिला जास्त हसू आलं. ते वाचून त्याला इतका राग आला की दोन दिवस त्यानं तिला एकही निरोप पाठवला नाही. तिसऱ्या दिवशी तिनं माफी मागितली, आणि माफी मागता मागता पुन्हा हसली.

हल्ली तिची तक्रार वेगळी असते. परवा तो ऑफिसात शिरताच ती म्हणाली, "तुझा निरोप संपेपर्यंत माझा चहा गार होतो, आल्बन."

"मग दुसरा क-कर," आल्बन म्हणाला. "मलापण दे."